मौनाचे तीन दिवस : तिसवाडीतील एका रिट्रीट हाउसविषयी

गेल्या जुलै महिन्यात, गुरुवारच्या संध्याकाळपासून रविवारच्या दुपारपर्यंत, मी गोव्यातील तिसवाडी तालुक्यात एका टेकडीवर धर्मभगिनींनी चालवलेल्या छोट्या रिट्रीट हाउसमध्ये, म्हणजे मौन आणि प्रार्थनेसाठी काही दिवस राहण्याच्या घरात, राहिले होते आणि त्या वास्तव्याविषयी येथे सविस्तर लिहीत आहे. घराचे नाव मी देत नाही. पुढे काही उणिवाही सांगायच्या आहेत आणि पाच-सहा वयस्कर भगिनी स्वतःच्या हातांनी चालवत असलेल्या घरावर नावानिशी ठपका ठेवावा, असे मला वाटत नाही. तरीही या लेखनाचा उपयोग होईल, कारण गोव्यात अशी घरे आणखीही आहेत, बागाच्या टेकडीवर आणि राय येथे येशूसंघीयांची (जेझुइट धर्मगुरूंची) आहेत, आणि मौनातील साधनेची पद्धत बहुतेक ठिकाणी एकाच परंपरेतून आलेली असल्यामुळे एका घराविषयी जे विचारावे तेच दुसऱ्या घराविषयीही विचारता येते.

माझे मत सुरुवातीलाच सांगते. काळजीने थकून गेलेल्या विश्वासी माणसाने तेथे अवश्य जावे. मात्र जाण्यापूर्वी एका मार्गदर्शकाकडे किती साधक असणार आहेत, हे फोन करून विचारून घ्यावे. त्या टेकडीवर शांतता भरपूर आहे, परंतु मला आधार मिळाला तो दररोज समोर बसून माझे म्हणणे पूर्ण ऐकून घेणाऱ्या एका माणसाचा, आणि ज्या दिवशी त्या ऐकण्याला वेळ कमी पडला, त्या दिवशी तीच शांतता मला जड गेली.

मी मूळची अहिल्यानगरची, आमच्या घरात अजून नगरच म्हणतात, आणि गेली १४ वर्षे वास्कोला राहून वेर्णा औद्योगिक वसाहतीतील एका कंपनीच्या हिशेब विभागात काम करते. मागच्या दिवाळीनंतर वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. तेव्हापासून दर तीन आठवड्यांनी गोवा एक्स्प्रेसने नगरला जायचे, दोन दिवस आईच्या हाताशी राहायचे आणि परत येऊन साचलेले काम उपसायचे, असा क्रम सुरू झाला. त्यातच मार्चअखेर आली, मग लेखापरीक्षण आले, आणि एप्रिलपासून माझी झोप पहाटे ३ च्या सुमारास मोडू लागली. छातीवर कोणी तळहात ठेवून दाबत आहे, असे वाटे. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या, रक्तदाबाची एक गोळी सुरू केली आणि विश्रांती घ्यायला सांगितले. अशाच एका पहाटे मी राजीनाम्याचे पत्र लिहून ठेवले. ते पाठवले नव्हते, पण जवळजवळ रोज उघडून वाचत होते. चर्चमधील एका मैत्रिणीने या घराचा फोन नंबर दिला, तो या दिवसांत.

अर्ज दोन पानांचा होता, आणि घराविषयी पहिला विश्वास मला त्या अर्जामुळेच वाटला. नाव, पॅरिश आणि पथ्यपाणी यांबरोबर कोणती औषधे चालू आहेत, मनाच्या आजारावर उपचार सुरू आहेत का, अलीकडे घरात कोणाचा मृत्यू झाला आहे का, असे प्रश्न त्यात होते. नंतर एका सिस्टरांनी फोन करून स्पष्ट सांगितले की मौनात मनाच्या तळाचा गाळ वर येतो, तीव्र नैराश्यात असलेल्या माणसाला तो एकट्याने सोसवत नाही, आणि म्हणून अशा व्यक्तीला त्या डॉक्टरांच्या संमतीवाचून प्रवेश देत नाहीत. अर्जाच्या तळाशी बांबोळीच्या मनोविकार संस्थेचा उल्लेख होता आणि टेली-मानस या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक छापलेला होता. श्रद्धा असली की औषध लागत नाही, असे सांगणारी माणसे आपल्या ख्रिस्ती समाजात आहेत, आणि त्यांचे ऐकून गोळ्या बंद केलेल्यांचे हाल मी जवळून पाहिले आहेत. देवाचे काम आणि डॉक्टरांचे काम यांत वैर नाही, हे जे घर पहिल्याच पानावर सांगते, तेथे मन मोकळे करायला हरकत नाही, असे मला वाटले.

पोहोचले तेव्हा पाऊस कोसळत होता. दारात सिस्टरांनी माझी छत्री घेतली, खोलीची किल्ली दिली, मोबाइल ठेवण्यासाठी नाव लिहिलेली एक कापडी पिशवी पुढे केली आणि म्हणाल्या, "कितें जाय तें आतां सांग बाये, मागीर उलोवंक मेळचें ना." (काय हवे ते आता सांग बाई, नंतर बोलायला मिळणार नाही.) मोबाइल देताना माझा हात थांबला. वडिलांचे काही झाले तर काय, ही भीती मी त्यांना सांगितली, तेव्हा त्यांनी कार्यालयातील फोनचा क्रमांक माझ्या आईला कळवायला लावला आणि रात्री-अपरात्री फोन आला तरी आपण खोलीपर्यंत येऊन उठवू, असे आश्वासन दिले. अशा घरांत जाणाऱ्यांच्या मागे बहुतेक वेळा कोणीतरी आजारी किंवा अवलंबून असलेले माणूस असते. त्यांच्यासाठी ही व्यवस्था फार महत्त्वाची आहे आणि ती आहे का, हेही आधी विचारावे.

खोलीत एक खाट, मच्छरदाणी, टेबल, खुर्ची आणि भिंतीवर क्रूस, एवढेच होते. गादीला पावसाळ्याचा कुबट वास येत होता आणि धुतलेला टॉवेल तिसऱ्या दिवसापर्यंत वाळला नाही. पावसाळ्यात जाणाऱ्यांनी स्वतःची चादर आणि दोन टॉवेल न्यावेत. कपेलकडे, म्हणजे घराच्या छोट्या प्रार्थनामंदिराकडे, जाण्यासाठी दगडी पायऱ्यांची एक लांब चढण आहे. शेवाळामुळे ती निसरडी झाली होती आणि तिला कठडा नव्हता. गुडघ्यांचा त्रास असलेल्या दोन वृद्ध साधिका दुसऱ्या दिवसापासून खालीच बसून प्रार्थना करू लागल्या, याचे मला वाईट वाटले. एक लोखंडी कठडा बसवणे ही मोठ्या खर्चाची गोष्ट नव्हे आणि निरोप घेताना मी तसे सांगितलेही.

या साधनेचे मूळ येशूसंघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांच्यापर्यंत जाते. १५२१ मध्ये स्पेनमधील पांप्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडलेला हा योद्धा अंथरुणावर पडून असताना स्वतःच्या मनाची चाल न्याहाळू लागला. पराक्रमाची स्वप्ने रंगवताना त्याला आनंद होई, पण ती सरली की मन कोरडे पडे. ख्रिस्ताच्या मागे जाण्याचा विचार केला की तो विचार संपल्यावरही समाधान मागे रेंगाळे. एवढ्या लहान निरीक्षणातून, आणि पुढे मान्रेसा येथील एकांतातून, त्यांची आध्यात्मिक साधनेची पद्धत आकाराला आली. १५४८ मध्ये पोप तिसरे पॉल यांनी तिला मान्यता दिली. पूर्ण साधना सुमारे ३० दिवसांची असते, पण नोकरी-संसारात अडकलेल्यांना ती थोडी थोडी देता यावी, अशी सोय स्वतः इग्नेशियस यांनीच करून ठेवली आहे. गोव्याच्या वाचकाला यात एक जवळचा धागा सापडेल. ६ मे १५४२ रोजी गोव्यात उतरलेले फ्रान्सिस झेवियर १५३४ मध्ये पॅरिसला याच साधनेतून गेले होते. जुन्या गोव्याच्या बॉम जेझस बासिलिकेत त्यांच्या पवित्र अवशेषांपुढे आपण सगळे रांगेत उभे राहतो, नवस बोलतो, मेणबत्त्या लावतो. त्यांना घडवणारी ती महिन्याभराची शांतता आपणही काही दिवस घेऊन पाहावी, असे मात्र मला इतक्या वर्षांत कधी सुचले नव्हते.

प्रत्यक्षात दिवस असा जातो. पावणेसहाला घंटा होते, सात वाजता मिस्सा (कॅथलिक उपासना), नंतर उंडे (गोव्याचे पाव), भाजी आणि चहा. नऊ वाजता वीस मिनिटांचे छोटे मार्गदर्शन असते, आणि त्यानंतर तासाभराची प्रार्थना ज्याने त्याने एकट्याने करायची असते. असे दिवसातून चार तास. अकरा वाजता पेज मिळते, बाराला आंजेलस या प्रार्थनेची घंटा होते, दुपारी विश्रांती, संध्याकाळी पवित्र साक्रामेंतासमोर (वेदीवर ठेवलेल्या पवित्र भाकरीसमोर) मूक आराधना, आणि साडेनऊला दिवे मालवतात. दरम्यान केव्हातरी मार्गदर्शक सिस्टरांशी अर्ध्या तासाची भेट ठरलेली असते आणि दिवसभरात बोलायला परवानगी आहे ती तेथेच.

पहिल्या सकाळी मला मार्काच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायातील वादळाचा प्रसंग देण्यात आला. हा उतारा मी रविवारच्या शाळेत पाठ केलेला होता, शिष्यांची घाबरगुंडी आणि प्रभूने वाऱ्याला धमकावणे यांवरची प्रवचने कितीतरी वेळा ऐकली होती, त्यामुळे एक तास यात काय करायचे, असा प्रश्न मला पडला. सिस्टरांनी सांगितले की अर्थ शोधू नका, प्रसंगात जाऊन बसा. नाव केवढी आहे, पाणी किती थंड आहे, कोण काय बोलतो आहे, तुम्ही नेमक्या कोठे आहात, हे पाहा. मी बसले. पहिली वीस मिनिटे मला नाव दिसली नाही, फक्त हिशेबाचे तक्ते दिसत राहिले. मग एकाएकी जाणवले की मी नावेतील पाणी भांड्याने उपसत आहे, आणि नावेच्या मागच्या बाजूला उशीवर डोके ठेवून झोपलेल्या प्रभूवर मला भयंकर राग आला आहे. आम्ही बुडतो आहोत याची तुला काळजी नाही का, हा शिष्यांचा प्रश्न मी लहानपणापासून भित्र्यांचा प्रश्न म्हणून ऐकत आले होते. त्या सकाळी तो माझा प्रश्न होता, आणि तो विचारून मी रडले.

संध्याकाळी दुसरा उतारा मिळेल, असे मला वाटले होते. सिस्टरांनी तोच उतारा पुन्हा दिला. या पद्धतीत पुनरावृत्तीला मोठे स्थान आहे. जेथे मन हलले किंवा जेथे ते दगडासारखे झाले, तेथेच परत जायचे असते, कारण पुष्कळ जाणून घेतल्याने आत्म्याची तृप्ती होत नाही, एखादी गोष्ट आतून चाखल्याने ती होते, असे इग्नेशियस यांचे सांगणे आहे. तिसऱ्यांदा तो उतारा वाचताना मला एक वाक्य दिसले, जे मी इतक्या वर्षांत पाहिलेच नव्हते. त्या रात्री त्यांच्याबरोबर दुसऱ्याही नावा होत्या, असे मार्काने लिहून ठेवले आहे. मग त्या नावांचे काय झाले? वादळ त्यांनाही लागलेच असणार, आणि त्यांच्यात तर प्रभू नव्हता, तरी समुद्र निवळला तो त्यांच्यासाठीही निवळला. मला आई आठवली. गेले आठ महिने ती वडिलांना कुशीवर वळवते, भरवते, रात्री तीनदा उठते, आणि मी दर तीन आठवड्यांनी जाऊन तिला माझ्या कामाचा ताण सांगते. तिची नाव मला दिसलीच नव्हती. या जाणिवेत आश्चर्य असे की अपराधी वाटण्याऐवजी मला हलके वाटले. समुद्रात मी एकटी नाही, एवढे त्यातून कळले, आणि त्या रात्री मी साडेपाचपर्यंत सलग झोपले.

राजीनाम्याच्या पत्राविषयी मी पहिल्या भेटीतच सांगितले होते. सिस्टर साठीच्या पुढच्या, बोलायला अगदी कमी, आणि त्यांनी पत्र बरोबर की चूक यावर एक शब्दही काढला नाही. ते किती वाजता लिहिले, एवढेच त्यांनी विचारले. पहाटे तीन, असे मी म्हणाले. तेव्हा त्यांनी इग्नेशियस यांचा एक नियम सांगितला: मन उदास, अस्वस्थ आणि कोरडे पडलेले असताना, आधी स्थिर चित्ताने घेतलेला निर्णय बदलू नये, त्या काळात प्रार्थना वाढवावी, आत्मपरीक्षण करावे, धीर धरावा, पण दिशा बदलू नये. नोकरी सोडू नका, असे त्या म्हणाल्या नाहीत. सोडायचीच असेल तर मन निवांत असलेल्या एखाद्या दुपारी तो निर्णय पुन्हा तपासून पाहा, असे म्हणाल्या. ताणतणावाविषयी मी आजवर जे काही वाचले आणि ऐकले, त्यात इतका वापरता येण्याजोगा सल्ला मला दुसरा मिळाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मात्र ही भेट पंधरा मिनिटांत आटोपली. आम्ही अकरा साधक होतो आणि मार्गदर्शक सिस्टर एकट्या होत्या. दुसऱ्या एक सिस्टर येणार होत्या, त्या आजारी पडल्या. मी अजून वादळाविषयी बोलत होते तोच बाहेर पुढच्या साधकाची चाहूल लागली आणि सिस्टरांची नजर घड्याळाकडे गेली. त्यांचा दोष नव्हता, त्या सकाळपासून जेवायलाही बसल्या नव्हत्या. परंतु अर्धवट उघडलेले मन घेऊन मला पुढचे दहा तास मौनात काढावे लागले आणि ती संध्याकाळ मला अत्यंत कठीण गेली. अशा घरांनी मार्गदर्शक कमी पडले तर आलेल्या साधकांना आधी कळवावे किंवा संख्या कमी करावी, असे मी आग्रहाने म्हणेन. मौन ही साधी गोष्ट नाही. माणसाला त्यात उतरवल्यावर दोरीचे दुसरे टोक कोणाच्या तरी हातात पक्के असले पाहिजे.

शनिवारी रात्री पायथ्याच्या एका सभागृहात लग्नाचा समारंभ होता आणि बँडचा आवाज अकरापर्यंत वर येत राहिला. त्याला घराचा इलाज नाही. काही साधक जेवणघरात कुजबुजत असत, त्याला इलाज होता. पण कोणी त्यांना हटकले नाही.

आता भाषेविषयी लिहिणे भाग आहे, कारण मराठी वाचकांपैकी जे तेथे जातील त्यांना हा प्रश्न पडणारच. घरातील सर्व मार्गदर्शन कोकणीतून आणि इंग्रजीतून होते. गोव्यात इतकी वर्षे राहिल्यामुळे मला कोकणी चांगली समजते, सिस्टर कोकणीत बोलत आणि मी मराठीत उत्तर देई, त्यात कधी अडले नाही. प्रार्थनेची गोष्ट वेगळी आहे. माणूस रागावतो आणि रडतो ते आईच्या भाषेत, आणि देवाशी भांडायचे तर तीच भाषा लागते. कपेलमधील कपाटात इंग्रजी आणि कोकणी पवित्र शास्त्राच्या प्रती ओळीने लावलेल्या होत्या. मराठी प्रत एकही नव्हती. मी माझी जुनी प्रत पिशवीतून नेली होती म्हणून निभावले. आमच्या नगरच्या घरात संध्याकाळी उपासना संगीतातील नारायण वामन टिळकांची पदे पेटीवर म्हटली जात; वडिलांचा आवाज चांगला होता, आता त्यांना शब्द फुटत नाहीत. त्या मौनात मी ती पदे मनातल्या मनात म्हणत असे आणि अभंगाची ती चाल, संतांच्या घरची ती लय, माझा श्वास जितका संथ करी, तितका दुसऱ्या कशानेही झाला नाही.

त्यामुळेच ग्रंथालयात जे सापडले त्याचा आनंद मी विसरणार नाही. धूळ बसलेल्या तळाच्या फळीवर ख्रिस्तपुराणाची देवनागरीत छापलेली एक प्रत होती. १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या थॉमस स्टीफन्स या इंग्रज येशूसंघीय धर्मगुरूंनी सासष्टीत राहून ख्रिस्ताची कथा मराठी ओव्यांत रचली, आणि १६१६ मध्ये ती राशोल येथे रोमन लिपीत छापली गेली. ग्रंथात दहा हजारांहून अधिक ओव्या आहेत. मराठीची थोरवी सांगताना खड्यांमधील रत्नाची उपमा देणाऱ्या त्यांच्या ओळी आपल्याकडे शाळेत शिकवतात. पण त्या ज्या ग्रंथातून येतात तो प्रार्थनेचा ग्रंथ आहे, गोव्याच्या ख्रिस्ती माणसांनी तो चर्चमध्ये गायला-ऐकला आहे, हे आपण विसरतो. मी दुपारच्या विश्रांतीच्या वेळेत त्यातील दहा-बारा ओव्या हळूहळू वाचत असे. भाषा जुनी आहे, काही शब्द अडतात, पण ओवीचा पाय सापडला की आजीच्या जात्याजवळ बसल्यासारखे वाटते. चारशे वर्षांपूर्वी या मातीत माझ्या भाषेत येशूशी बोलणे झाले होते, तर आज मी मराठीत प्रार्थना करते म्हणजे येथे परकी नाही, हा दिलासा मला त्या फळीने दिला. सिस्टरांना विचारल्यावर समजले की ती प्रत अनेक वर्षांत कोणी मागितलेली नव्हती.

आम्ही प्रोटेस्टंट, आणि हे घर कॅथलिक. याविषयी जे जाणार असतील त्यांनी मनाची तयारी ठेवावी. मिस्सेत सहभागी होता येते, परंतु कम्युनियन, म्हणजे प्रभुभोजनाचा प्रसाद, कॅथलिकांनाच दिले जाते. सिस्टरांनी ही गोष्ट मला आदल्या रात्रीच एकटीला बाजूला घेऊन सांगितली आणि इच्छा असल्यास त्या वेळी पुढे येऊन आशीर्वाद घेता येईल, असेही सुचवले. मला वाईट वाटले, ते मी लपवणार नाही. एकाच प्रभूच्या मेजापाशी आपण दोन रांगांत उभे आहोत, ही जखम जुनी आहे आणि एका रिट्रीट हाउसकडून ती भरून येणार नाही. पण त्यांनी ज्या अदबीने सांगितले, त्यामुळे अपमान वाटला नाही. संध्याकाळच्या तेर्साला (जपमाळेच्या प्रार्थनेला) बसण्याची सक्ती नव्हती. ख्रिस्ती नसलेल्या व्यक्तींनाही हे घर प्रवेश देते, आमच्या गटात एक हिंदू शिक्षिका होत्या. मात्र ही ख्रिस्ताकडे वळलेली प्रार्थना आहे, केवळ श्वासाचा किंवा विश्रांतीचा वर्ग नव्हे, हे त्यांना अर्जाच्या वेळीच सांगितले होते, आणि हा प्रामाणिकपणा मला आवडला.

जेवण साधे आणि चवीचे: शीत-कडी, एखादी भाजी, शुक्रवारी मासे, रविवारी कोंबडीचे शाकुती. मधुमेह असलेल्यांसाठी वेगळे ताट लावत असत. ठरावीक शुल्क नाही. खर्चाचा अंदाज कार्यालयात लिहून ठेवलेला असतो आणि निघताना लिफाफ्यात जमेल तेवढे द्यायचे असते. ज्यांना काहीच शक्य नाही त्यांना कोणी विचारत नाही, असे दिसले.

घरी आल्यावर काय उरले, हे सांगितल्याशिवाय कोणत्याही परीक्षणाला अर्थ नाही, म्हणून मी हे लिहिण्यापूर्वी सात आठवडे थांबले. झोप अजूनही आठवड्यातून एक-दोनदा मोडते. गोळी चालू आहे. वडिलांची स्थिती आहे तशीच आहे. टिकून राहिली ती रात्रीची एक सवय, ज्याला त्या परंपरेत दिवसाचे परीक्षण म्हणतात: दहा-बारा मिनिटे बसायचे, सकाळपासूनचा दिवस देवासमोर परत उलगडायचा, कोठे आभार मानावेसे वाटले आणि कोठे मन आखडले ते पाहायचे, चुकले असेल त्याची क्षमा मागायची, आणि उद्याच्या एका गोष्टीसाठी मदत मागून उठायचे. मी वास्कोच्या घराच्या गॅलरीत बसते. कधी वेळेत घरी पोहोचले तर संध्याकाळी चर्चची घंटा कानावर येते आणि त्या क्षणी हातातले काम थांबवण्याचा प्रयत्न करते. निम्म्या वेळा जमत नाही. नगरला गेले की आता आईला माझी हकिकत सांगण्याआधी तिची विचारते. पहिल्यांदा विचारले तेव्हा ती दोन तास बोलत होती. राजीनाम्याचे पत्र मी एका निवांत रविवारी दुपारी उघडले, वाचले, आणि त्याऐवजी व्यवस्थापकांकडे सहा महिने अर्धवेळ कामाची विनंती केली. तिचे उत्तर अजून यायचे आहे.

२४ नोव्हेंबरला जुन्या गोव्यात झेवियरची नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना) सुरू होते आणि ३ डिसेंबरला फेस्त, म्हणजे सण, असते. त्या काळात टेकडीवरील हे घर यात्रेकरूंसाठी उघडे असते, त्यामुळे मौनाची साधना फेस्तानंतरच मिळते. मी डिसेंबरच्या मध्यासाठी अर्ज मागवला. पायऱ्यांना कठडा बसवल्याचे सिस्टरांनी फोनवर सांगितले, आणि या वेळी सात जणांहून अधिक साधक घेणार नाही, असेही. अर्ज हातात आला तेव्हा पथ्यपाण्याच्या रकान्याखाली शाईच्या पेनने एक नवी ओळ आखलेली दिसली: प्रार्थनेची भाषा. मी तेथे मराठी असे लिहिले, पवित्र शास्त्राच्या दोन मराठी प्रती मी बरोबर आणून कपेलच्या कपाटात ठेवीन अशी खाली टीप लिहिली, आणि अर्ज टपालाने परत पाठवला.